वाड्याआधीची देवडी : डार्बीशरमधले पाच दिवस

गडाच्या दरवाजातून आत शिरलं की दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या लागतात, हे आपल्याला नवं नाही. इंग्लंडमधल्या जमीनदारी इस्टेटींच्या फाटकांनाही देवड्या असतात. फक्त त्या तटाच्या पोटात नसतात, फाटकाला लागून सुट्या घरासारख्या उभ्या असतात. त्यांना तिथे लॉज म्हणतात. आपल्याकडच्या स्टँडसमोरच्या लॉजशी या शब्दाचा काही संबंध नाही. फाटक उघडणारा माणूस कुटुंबासह इथे राही. येणारी बग्गी कोणाची ते ओळखून कोणाला आत सोडायचं नि कोणाला मागच्या वाटेने धाडायचं, ते तोच ठरवी.

इंग्लंडच्या डार्बीशर परगण्यात जाणारे बहुतेक जण थेट चॅट्सवर्थ या प्रसिद्ध वाड्याच्या वाहनतळावर उतरतात, दिवाणखाने पाहतात आणि परततात. म्हणजे जेवणाची सुरुवात श्रीखंडाने झाली. मालकाने पाहुण्याला आधी फाटक, मग झाडी, मग पाणी, मग पूल आणि शेवटी वाडा दाखवायचा असा क्रम बांधलेला होता. तो क्रम पाळण्यासाठी गावं उचलली, रस्ते वळवले, कोळसा नि माळी जमिनीखालून नेले. लॉज ही या सगळ्यातली दाखवायची बाजू. तिच्यामागे काय लपवलंय ते शोधत जाणं हा या पाच दिवसांचा खरा कार्यक्रम.

तयारी थोडीच लागते. लंडनच्या सेंट पँक्रसहून डार्बीला रेल्वेने साधारण दीड तास. डार्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी गाडी दऱ्याखोऱ्यातून अर्ध्यापाऊण तासात पोचवते. पहिले दोन दिवस डार्बीत आणि पुढचे तीन मॅटलॉक किंवा बेकवेलमध्ये मुक्काम ठेवला तर उलटसुलट फेऱ्या वाचतात. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे १:२५,००० चे एक्स्प्लोरर नकाशे घ्यावेत : केडलस्टनसाठी २५९, कॅल्कसाठी २४५, चॅट्सवर्थसाठी ओएल २४ आणि हार्डविकसाठी २६९. शिवाय नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच या प्रमाणातले) नकाशे फुकट पाहायला मिळतात. आदल्या रात्री त्या नकाशावर ‘लॉज’ हा शब्द शोधायचा आणि तिथून वाड्याकडे जाणारी वाट बोटाने गिरवायची. दुसऱ्या दिवशी निम्मं काम झालेलं असतं.

महिना निवडताना एक पेच पडतो. पानं गळालेली असताना लॉज रस्त्यावरून छान दिसतात, पण तेव्हा बरेच वाडे आतून बंद. पानं भरात असताना वाडे उघडे, पण लॉज झाडीत बुडालेल्या. मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य हा मधला मार्ग. उघडण्याचे वार दरवर्षी बदलतात, म्हणून आदल्या आठवड्यात पुन्हा तपासावेत. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची : बहुतेक लॉजमध्ये आज भाडेकरू किंवा मालक राहतात. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पायवाटेवरून पाहायचं, फाटकासमोर गाडी लावायची नाही आणि खिडकीत कॅमेरा रोखायचा नाही.

पहिला दिवस : केडलस्टन

डार्बीच्या वायव्येला ८ किलोमीटरवर केडलस्टन हॉल. कर्झन घराणं इथे बाराव्या शतकापासून. हो, तेच कर्झन. १९०५ साली बंगालची फाळणी करणारे आणि १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणणारे व्हाइसरॉय याच घरात जन्मले. आजची इमारत मात्र त्यांच्या शंभरएक वर्षं आधीची. १७५८ मध्ये नॅथॅनियल कर्झनला वारसा मिळाला, पुढच्या वर्षी काम सुरू झालं. मॅथ्यू ब्रेटिंगहॅम आणि जेम्स पेन या दोन वास्तुकारांनंतर ते तरुण रॉबर्ट अ‍ॅडमच्या हाती आलं. गंमत अशी की अ‍ॅडमला आधी मिळाली होती बागेतली आणि पार्कमधली छोटी कामं. घर त्याने नंतर पटकावलं.

सुरुवात उत्तरेच्या लॉजपासून करावी. ही अ‍ॅडमच्याच आराखड्यावरची, रोमन कमानीच्या धर्तीची. मधून बग्गी जाईल एवढी उंच कमान, वर त्रिकोणी शिखर, दोन्ही अंगांना बुटक्या खोल्या. लांबून विजयकमान वाटते. जवळ गेल्यावर कळतं की द्वारपालाच्या वाट्याला त्या बुटक्या खोल्याच आल्या आहेत.

जोडलॉजचं हे दुखणं सगळीकडचं. फाटकाच्या दोन बाजूंना सारखी दोन घरं हवीत, हा हट्ट दिसण्यासाठी. राहणारं कुटुंब मात्र एकच. मग एका बाजूला चूल नि बैठक, दुसऱ्या बाजूला निजण्याची किंवा धुण्याची खोली, आणि मध्ये बग्ग्यांचा रस्ता. पावसात झोपलेलं पोर उचलून पलीकडे न्यायचं! पुढच्या काळात एकेरी लॉज का वाढल्या, याचं बरंचसं उत्तर इथेच मिळतं.

लॉज वाचायची एक सोपी रीत आहे. आधी रस्त्याकडची बाजू पाहायची : घडीव दगड, नक्षी, घराण्याचं चिन्ह. मग पायवाटेवरून जमेल तेवढं मागे जाऊन मागची भिंत पाहायची : तिथे बहुधा ओबडधोबड दगड किंवा साधी वीट. पैसा किती होता ते समोरून कळतं, तो कुठे वाचवला ते मागून. नंतर खिडक्या. रस्त्याच्या दोन्ही दिशांना तिरक्या काढलेल्या खिडक्या असतील तर त्या उजेडासाठी नव्हेत, येणारी बग्गी लांबून दिसावी म्हणून आहेत. शेवटी धुराडं. छोट्या लॉजमध्ये ते बहुधा छपराच्या मधोमध असतं, कारण एकाच धुराड्याला पाठीला पाठ लावून दोन चुली बसतात.

आत शिरल्यावर वाडा लगेच दिसत नाही. वाट वळते, उतरते, आणि मग कटलर ब्रुक या ओढ्याला बांध घालून केलेल्या तळ्यांपलीकडे उत्तरेचा दर्शनी भाग उघडतो. बग्ग्यांची वाट अ‍ॅडमच्याच तीन कमानींच्या पुलावरून जाते. पूल १७७०-७१ चा. ओढा चिंचोळा आहे, त्याला एवढ्या पुलाची गरजच नव्हती. पूल असावा म्हणून पाणी रुंद केलं, असं म्हटलं तरी चालेल.

आता लपवलेल्या गोष्टी. जुनं केडलस्टन गाव नेमकं या दृश्याच्या आड येत होतं. नॅथॅनियल कर्झनने गाव उचलून लांब नेलं आणि सार्वजनिक रस्ताही वळवला. मागे राहिलं ते फक्त ऑल सेंट्स चर्च, कारण थडगी हलवता येत नाहीत. ते आता वाड्याला जवळजवळ चिकटून उभं आहे, गावावाचूनचं ग्रामदैवत जणू. त्याच्या पूर्व टोकाच्या सूर्यघड्याळावर ‘वी शॅल’ एवढेच दोन शब्द आहेत. पुढचा शब्द म्हणजे खालची तबकडी : सन-डायल. घाईत म्हटलं तर इंग्रजीत ‘आपण सगळे लवकरच मरू’ असं ऐकू येतं. चर्चमधलं कर्झन यांच्या पत्नी मेरी यांचं स्मारकदालन १९०७ ते १९१३ या काळातलं, जी. एफ. बोडली यांच्या आराखड्यावरचं.

दक्षिण अंगाला हिरवळ आणि चराऊ रान यांच्यामध्ये कुंपण दिसत नाही. तिथे ‘हा-हा’ आहे, म्हणजे बुडवलेली भिंत. वाड्याकडच्या बाजूला उभी दगडी भिंत, तिच्यापुढे खंदक आणि पलीकडची बाजू हळूहळू चढत जाणारी. वाड्यातून पाहिलं तर गवत सलग. मेंढीला मात्र भिंत आडवी येते. वरून चालताना काठ उशिरा कळतो, लहान मुलं सोबत असतील तर हात धरावा.

तळ्याकाठचं मासेमारीघर चुकवू नये. वरच्या मजल्यावर खोली, तिच्या खिडकीतून स्त्रियांनी सावलीत बसून गळ टाकायचा, खाली थंड पाण्याचं स्नानकुंड आणि दोन्ही बाजूंना होड्यांच्या कमानी. आमच्या मते सगळ्या केडलस्टनमध्ये ही अ‍ॅडमची सर्वांत हुशार इमारत. दिवाणखान्यातल्या सोनेरी छतापेक्षा अधिक विचार इथे आहे.

मराठी वाचकाने वाड्याचा आराखडा मात्र जरूर पाहावा. मधली इमारत आणि वक्र ओवऱ्यांनी जोडलेली चार उपगृहं असा मूळ बेत होता, प्रत्यक्षात दोनच बांधली गेली. हाच नमुना समोर ठेवून गव्हर्नर-जनरल वेलस्लीने कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस उठवलं, आणि तिथे चारही पंख पूर्ण झाले. ते काम १८०३ साली संपलं. त्याच वर्षी त्याच्या धाकट्या भावाने आपल्या जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई दिली. पुढे कर्झन व्हाइसरॉय होऊन गेले ते आपल्याच घराच्या मोठ्या प्रतीत राहायला. तळमजल्यावर त्यांचा पौर्वात्य संग्रह आहे. मेरी कर्झन यांनी १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी घातलेला, दिल्लीत जरीकाम केलेला मोरपिशी पोशाखही इथेच.

छायाचित्रकारांसाठी : मुख्य दर्शनी बाजू उत्तरेची, त्यामुळे भर दुपारी ती सावलीत असते. उन्हाळ्यातल्या उशिराच्या संध्याकाळी थोडं ऊन मिळतं. दुपार दक्षिण बाजूला द्यावी. एकाच दिवशी आणखी एखादी इस्टेट जोडण्याचा मोह आवरावा. पार्कातल्या वाटा धरून सगळं पाहायला पाच तास लागतात.

दुसरा दिवस : स्वार्कस्टन, टिकनॉल, कॅल्क

डार्बीच्या दक्षिणेला ट्रेंट नदीवर स्वार्कस्टनचा मध्ययुगीन पूल. नदीपुरता पूल छोटा, पण पूरमैदानावरचा दगडी बांधरस्ता मिळून लांबी एक किलोमीटरहून जास्त. अरुंद आहे, वाहतूक दाट. कठड्यात मधूनमधून नव्या दगडाची ठिगळं दिसतात, ती गाड्यांनी दिलेल्या धडकांची. पायी जाऊ नये.

पुलाच्या उत्तरेला शेतात एकटा उभा आहे स्वार्कस्टन पॅव्हिलियन. १६३२ च्या सुमाराचा, दोन बुरूज, वर घंटेच्या आकाराचे घुमट. पुढ्यातल्या भिंतबंद अंगणात चाललेला खेळ पाहायला हार्पर घराण्याने तो बांधला. त्यांचा वाडा अठराव्या शतकात पाडला गेला, हा तेवढा उरला. आता लँडमार्क ट्रस्ट ही संस्था तो मुक्कामाला देते. आरक्षण करण्यापूर्वी एक तपशील वाचावा : न्हाणीघर एका बुरुजाच्या माथ्यावर आहे आणि तिथे जायचं तर उघडी गच्ची ओलांडावी लागते. जानेवारीत हौस फिटते.

तिथून मेलबर्नमार्गे टिकनॉल. मेलबर्न हॉलच्या बागेत रॉबर्ट बेकवेल या लोहाराचा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा लोखंडी मंडप आहे, बाग उघडी असेल तर तासभर थांबावं. टिकनॉलमध्ये मात्र थांबायलाच हवं. मुख्य रस्त्यावरून आडवी गेलेली दगडी कमान १८०२ ची, घोड्यांनी ओढायच्या ट्रामची. अभियंता बेंजामिन आउट्रम. चुन्याच्या भट्ट्यांचा चुना नि विटा यावरून अ‍ॅशबी कालव्याकडे जात. रूळ इंग्रजी एल अक्षरासारखे, ओतीव लोखंडाचे, आणि ते आडव्या लाकडांवर नव्हे तर सुट्या दगडी ठोकळ्यांवर बसवलेले. कारण उघड आहे : मधून घोडा चालणार, त्याच्या पायात आडवं लाकूड येता कामा नये.

ही ट्राम कॅल्क अ‍ॅबीच्या बग्गीवाटेला छेदत होती. वाड्याच्या पाहुण्यांसमोरून चुन्याच्या गाड्या जाणं बरं दिसेना, म्हणून तेवढ्या भागात खणून, कमान बांधून, वर पुन्हा माती ओढली. सुमारे सव्वाशे मीटरचा हा बोगदा आजही पायी ओलांडता येतो. टॉर्च आणि पाणी न शिरणारे बूट बरोबर ठेवावेत. डोक्यावर लॉजकडून वाड्याकडे जाणारा झाडांचा रस्ता, पायाखाली चुना वाहणारी वाट. या सहलीतलं सगळं काही त्या एका छेदात दिसतं.

टिकनॉलच्या भट्ट्यांची जागा आता रान झाली आहे. पण चुन्याचा विषय इथेच काढलेला बरा, कारण पुढच्या प्रत्येक लॉजच्या भिंतीवर तो लागणार. जुन्या वाळूदगडाचे सांधे चुन्यात भरलेले असतात. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे भिंतीतली ओल सांध्यातून बाहेर पडते. झिजतो तो सांधा. पन्नास-शंभर वर्षांनी तो पुन्हा भरला की झालं. विसाव्या शतकात ‘पक्कं काम’ म्हणून हेच सांधे सिमेंटने भरले गेले. सिमेंटमधून ओल निघेना, ती दगडातून निघू लागली. पाणी सुकताना क्षार पृष्ठाखाली साठतात, थंडीत तेच पाणी गोठतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो. खूण अचूक आहे : सांधे पुढे आलेले आणि दगड मागे गेलेले दिसले की तिथे सिमेंट झालंय. उपायही सोपा नाही. यंत्राने कापायला गेलं तर दगडाच्या कडा जातात, म्हणून छिन्नीने हळूहळू काढावं लागतं. आपल्याकडच्या वाड्यांच्या आणि मंदिरांच्या डागडुजीत हीच चूक किती ठिकाणी दिसते, ते सांगायला नको.

कॅल्कचा वाडा १७०१ ते १७०४ मधला, आणि तो खळग्यात आहे. लॉजपासून वाट चढते, वळते, पण घर शेवटपर्यंत दिसत नाही. हार्पर-क्रू घराणं माणूसघाणं म्हणून प्रसिद्ध. सर व्हॉन्सी हार्पर क्रू यांनी इस्टेटीत मोटारींना बंदी घातली होती. पाहुण्याने मोटार फाटकावर सोडायची आणि पुढे घोडागाडीने जायचं. म्हणजे विसाव्या शतकातही इथल्या लॉजला खरोखरीचं काम होतं. वाड्यात वीज आली ती १९६२ मध्ये. १९८५ साली वाडा जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला, आणि ट्रस्टने तो नटवण्याऐवजी आहे त्या पडझडीत थोपवून ठेवला. सोललेला वॉलपेपर, भुसा भरलेले पक्षी, खोल्याभर सामान. इतर वाडे पाहून कंटाळलेल्यांनाही कॅल्क आवडतं.

इथे बोगद्यांची हौस पुढे चालू राहते. मद्यशाळेतून वाड्यात पिंपं आणायला एक भुयार, आणि माळ्यांनी मालकांच्या नजरेस न पडता बागेत जावं म्हणून दुसरं. पार्कातले जुने ओक पाहायला संध्याकाळ ठेवावी.

तिसरा दिवस : चॅट्सवर्थ, दक्षिणेकडून

मॅटलॉककडून येताना बीली गावाजवळ पहिला पूल लागतो, जेम्स पेनचा, एकाच कमानीचा, १७६० च्या आसपासचा. बग्गीच्या मापाचा. एका वेळी एकाच दिशेची वाहनं जातात. गाडी कॅल्टन लीजच्या वाहनतळावर ठेवून पुढे नदीकाठाने चालत जावं. वाटेत पेनच्याच आराखड्यावरच्या पिठाच्या गिरणीचं छप्पर नसलेलं शरीर दिसतं. गिरणी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालत होती, १९६२ मध्ये वादळात झाडं पडून मोडली. गिरणीलाही देखणा दर्शनी भाग दिलेला आहे, कारण ती वाड्याच्या वाटेवर येते. दृश्याच्या आड येणारी इमारत पाडायची आणि वाटेवरची सजवायची, असा इथला हिशेब.

उत्तरेला अर्ध्या तासावर पेनचा मोठा, तीन कमानींचा पूल. तो वाड्याच्या सरळ रेषेत नाही, मुद्दाम तिरका आहे. बग्गीतून येणाऱ्याला वाड्याची एक बाजू सपाट न दिसता दोन बाजू एकदम दिसाव्यात, यासाठी हा खटाटोप. पुलावर मधोमध उभं राहून पाहिलं की पटतं.

आता पाठ फिरवून पश्चिमेकडे एडन्सर. लिहितात एडन्सर, बोलतात ‘एन्झर’. हे गाव पूर्वी नदीपासून टेकडीपर्यंत पसरलेलं होतं. चॅट्सवर्थचे मालक म्हणजे डेव्हनशरचे ड्यूक. त्यांतल्या चौथ्याने अठराव्या शतकात वाड्यातून दिसणारी घरं काढायला सुरुवात केली, आणि सहाव्याने १८३८ ते १८४२ या काळात उरलेलं गाव टेकडीआड नव्याने रचलं. बेत ड्यूकच्या मुख्य माळ्याचा, जोसेफ पॅक्स्टनचा, घरांचे आराखडे डार्बीच्या जॉन रॉबर्टसनचे. जुन्या गावातलं एक घर मात्र रस्त्याच्या पूर्वेला, पार्कात एकटंच उरलंय. ते आधी शोधावं. भोवती दगडी भिंत, शेजारी कोणी नाही. गाव कुठवर होतं, ते त्याच्यामुळे कळतं.

नव्या गावात एक घर दुसऱ्यासारखं नाही. स्विस पद्धतीचं रुंद छप्पर, इटालियन मनोरा, नॉर्मन कमानी, ट्यूडर धुराडी, किल्ल्यासारखे कंगोरे. नमुन्यांचं पुस्तक चाळून ड्यूकने प्रत्येकातलं एकेक उचललं, अशी दंतकथा सांगतात. इथे दोन तास काढून पुढच्या गोष्टी पाहाव्यात. छपराच्या त्रिकोणी टोकाला लावलेल्या नक्षीदार फळ्या : त्या नेहमी खालच्या टोकाशी कुजतात, कारण पाणी तिथे थांबतं आणि फळीचा आडवा कापलेला छेद ते शोषतो. नवीन तुकडा जोडलेला असेल तर सांधा तिरका हवा, सरळ जोड पुन्हा पाणी धरतो. दगडी फरशांची छपरं : खाली वळचणीशी मोठ्या फरशा, वर आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या. वजन भिंतीवर यावं आणि पाणी जिथे जास्त साठतं तिथे सांधे कमी असावेत, म्हणून ही रचना. डागडुजीत सगळ्या एकाच मापाच्या बसवल्या की छपराचा तोल लगेच बिघडलेला दिसतो. दारंखिडक्यांचा निळा रंग मात्र इस्टेटीची सही आहे. बीली आणि पिल्सलीतही तो दिसला की घर चॅट्सवर्थचं, हे ओळखावं.

मधलं चर्च जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, १८६० च्या दशकातलं. गावाच्या मानाने फारच मोठं, शिखर तर शहराला शोभेल असं. अंगणात पॅक्स्टनची कबर, आणि वर कॅव्हेंडिश या ड्यूकच्या घराण्याच्या साध्या शिळा. त्यांतच घराण्याची सून कॅथलीन केनेडी. तिच्या कबरीपाशी तिचा भाऊ, अमेरिकेचा अध्यक्ष, जून १९६३ मध्ये येऊन गेला.

चौथा दिवस : चॅट्सवर्थ, उत्तरेकडून

शेफील्ड-बेकवेल बस बास्लोला थांबते. नेदर एंडला उतरून वाड्याकडे चालत निघावं. उत्तरेच्या बग्गीवाटेच्या तोंडाशी सोनेरी फाटक आणि जेफ्री वायटव्हिलच्या आराखड्यावरच्या जुळ्या लॉज. पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, तिच्यावर चाकाच्या खुर्चीसह आत जाता येईल असं फिरतं फाटक बसवलं आहे.

लोखंडी फाटक पाहायचं तर इथे. जड पाखं बिजागऱ्यांवर लोंबकळत नाही. सगळा भार खाली दगडातल्या खोबणीवर, उखळीत फिरणाऱ्या खुंटासारखा. वरची कडी पाखं फक्त उभं धरून ठेवते. ही कडी दगडी खांबात छिद्र पाडून, त्यात वितळलेलं शिसं ओतून पक्की करतात. छिद्र काठोकाठ कोरडं हवं. थेंबभर पाणी असलं तरी वाफ होऊन शिसं तोंडावर उसळतं. बिघाड तीन जागी होतो. शिसं सैल झालं की पाणी आत जातं, लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, खांब आतून फुटतो. कडीशी उभी चीर दिसली तर कारण हेच. दुसरं, खांब कलला की पाख्याचं टोक जमिनीला घासतं. मग कोणीतरी टोकाखाली चाक लावतं. चाक रस्त्यात चंद्रकोरीसारखी चर पाडतं आणि मूळ दोष तसाच. तिसरं सगळ्यात साधं : दर डांबरीकरणात रस्ता वर चढतो. खांबाचा पाया पुरला जातो आणि फाटकाचं खालचं टोक कापावं लागतं. खांबाच्या तळाचा कंगोरा जमिनीत गेलेला दिसला की रस्ता किती चढला ते हाताने मोजता येतं.

पुढची वाट सपाट, चाळीसेक मिनिटांची. वाड्याआधी क्वीन मेरीज बावर नावाचा खंदकातला चौथरा. स्कॉटलंडची राणी मेरी चॅट्सवर्थला कैदेत होती, तिच्या नावाचा. वाड्यामागच्या चढणीवर १५८० च्या दशकातला हंटिंग टॉवर. चढण दमवणारी आहे, पण वरून सगळा बेत नकाशासारखा उलगडतो : नदी, तिरका पूल, टेकडीआड गेलेलं गाव आणि मधली रिकामी हिरवळ. हा मनोरा आणि तळ्याकाठचं स्विस कॉटेज मुक्कामाला भाड्याने मिळतात.

बागेतली मुख्य गोष्ट आता तिथे नाही. पॅक्स्टनचं काचघर १८३६ ते १८४१ मध्ये उभं राहिलं, लांबी ८४ मीटर. जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे ११ किलोमीटर लांबीचे नळ. त्यांचा कोळसा बागेतून न नेता भुयारातल्या छोट्या रुळांवरून आणत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, आणि १९२० मध्ये काचघर सुरुंगाने उडवलं. त्या जागी आता कुंपणांचा भूलभुलैया. दगडी पायाच्या भिंती आणि भुयार पाहून उरलेलं मनात उभं करावं लागतं.

पॅक्स्टनच्या काचघरांत १८३५ मध्ये मॉरिशसहून आलेल्या केळीला फुलोरा आला. त्या जातीला ड्यूकच्या घराण्याचं नाव मिळालं, कॅव्हेंडिश. जळगावकडची बसराई आणि ग्रँड नैन याच गटातल्या. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला एडन्सर माहीत नसेल, नाव मात्र त्याच्या रोपवाटिकेच्या पावतीवर असतं.

पाचवा दिवस : हार्डविक, स्टेन्सबी, सटन स्कार्सडेल

एम-१ महामार्गाच्या २९ क्रमांकाच्या फाट्यापासून हार्डविक जवळ आहे. इथला काळ वेगळा : १५९० ते १५९७, वास्तुकार रॉबर्ट स्मिथसन आणि मालकीण बेस ऑफ हार्डविक. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या घराला लपवाछपवी माहीत नाही. वाडा टेकडीच्या कड्यावर, सहा मनोरे आणि प्रत्येकावर दगडात कोरलेली मालकिणीची आद्याक्षरं, ईएस, म्हणजे एलिझाबेथ श्रूजबरी. पुढच्या अंगणाच्या भिंतीतच दरवाजाघर आहे. त्यातून वाडा सरळ चौकटीत बसतो, वळण नाही की झाडी नाही. अ‍ॅडमच्या केडलस्टननंतर हे पाहिलं की मधल्या पावणेदोनशे वर्षांत पाहुण्याला खेळवायची कला किती बदलली ते कळतं. दगड इथलाच, टेकडीतलाच. तो मऊ आहे, त्यामुळे भिंतीचे शेंडे सतत बदलावे लागतात. नवे नि जुने शेजारी शेजारी पाहता येतात.

इस्टेटीतली स्टेन्सबीची पाणगिरणी १८४९-५० च्या यंत्रणेसह टिकून आहे. चाक लोखंडी, व्यास ५ मीटरहून थोडा जास्त. मोजक्याच दिवशी उघडते, आणि ओढ्याला पाणी नसेल तर चाक थांबलेलं असतं. फोन करून जावं.

परतताना सटन स्कार्सडेल हॉल. १७२० च्या दशकातलं, वॉरिकच्या फ्रान्सिस स्मिथचं काम. पहिल्या महायुद्धानंतर मालकांना तो झेपेना. छप्पर उतरवून विकलं, लाकडी भिंतींची दालनं सुटी करून विकली. त्यांतली काही आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात मांडलेली आहेत. उरलेलं कवच इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पण वरून दगड सुटतात, म्हणून कुंपणाच्या आत पाऊल टाकू नये. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन खिडक्यांच्या भोकांतून आरपार जातं आणि पलीकडच्या भिंतीवर चुन्यातल्या नक्षीचे उरलेले तुकडे स्पष्ट दिसतात. दुर्बीण असेल तर ती इथे काढावी. अंधारापूर्वी चेस्टरफील्ड स्थानक गाठता येतं.